दर्या, घाट आणि चाळ : मुंबईच्या मराठीचा भौगोलिक व सांस्कृतिक विचार

१

दर बारा कोसांवर भाषा बदलते, अशी आपल्याकडे म्हण आहे. भाषाभेदाचे मूळ अंतरात असते, हा तिचा आशय होय. हे अंतर म्हणजे केवळ कोसांची संख्या नव्हे. त्या कोसांच्या वाटेवर आडवे येणारे डोंगर, नद्या, खाड्या आणि अरण्येही तीत गृहीत धरलेली आहेत. पायी अथवा बैलगाडीने प्रवास करणाऱ्या समाजाचा हा अनुभव असून सामान्यतः तो यथार्थ आहे. परंतु मुंबईच्या परळ-लालबाग भागातील चाळींचा विचार केला असता ही म्हण अपुरी पडते. गिरण्या भरात असताना या चाळींत मालवणकडील माणसाचे ‘माका’ आणि साताऱ्याकडील माणसाचे ‘मला’ ही रूपे शेजारशेजारच्या खोल्यांतून ऐकू येत. आणि तेथून हाकेच्या अंतरावर असलेल्या वरळीच्या कोळीवाड्यात त्याच अर्थी ‘मना’ म्हटले जाई. तिन्ही रूपे मराठीच्या परिवारातील, तिन्ही एकाच शहरात नांदणारी. त्यांच्यामध्ये बारा कोस तर नव्हतेच, पण कित्येकदा बारा हातही नव्हते.

अशा वेळी दोन प्रश्न उपस्थित होतात. भूगोलाने निर्माण केलेले भेद भूगोल नाहीसा झाल्यावर का टिकतात? आणि ते लोपतात तेव्हा कोणत्या कारणाने लोपतात? जगातील भाषांच्या घडणीसंबंधी भाषाशास्त्रात जी चर्चा चालत आलेली आहे, तिचे बहुतेक सर्व धागे या दोन प्रश्नांत गुंतलेले आहेत. आणि त्यांच्या अभ्यासास दक्षिण व मध्य मुंबईइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल.

२

प्रथम एका रूढ समजाचा परामर्श घेणे अवश्य आहे. दमट हवेत राहणारे लोक सानुनासिक बोलतात, डोंगराळ मुलखातील लोकांचे उच्चार कठोर असतात, सपाट व सुपीक प्रदेशातील भाषा मधुर असते, अशी विधाने नेहमी ऐकू येतात. कोकणातील सानुनासिक उच्चारांचे कारण खाऱ्या वाऱ्यात शोधणारे लोकही आढळतात. हा कार्यकारणभाव स्वीकारता येत नाही. एकाच किनाऱ्यावर, एकाच हवेत आणि अनेकदा एकाच गावात राहणाऱ्या चित्पावन, कुणबी, भंडारी व कोळी यांच्या बोली उच्चारदृष्ट्या एकसारख्या नाहीत. हवा सर्वांना समान असता उच्चार भिन्न असतील, तर त्या भिन्नतेचे कारण हवेत असू शकत नाही, हे उघड आहे.

तथापि हा विषय येथेच संपला असे मानणेही बरोबर नाही. अलीकडच्या काळात हाच प्रश्न संख्याशास्त्राच्या साहाय्याने पुन्हा विचारला गेला आहे. फुफ्फुसांतील हवेऐवजी कंठात कोंडलेल्या हवेच्या स्फोटाने उच्चारली जाणारी व्यंजने उंच पठारांवरील भाषांत अधिक प्रमाणात आढळतात, असे केलेब एव्हरेट यांनी २०१३ साली दाखविले. आरोहावरोहाने शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या, विशेषतः गुंतागुंतीच्या स्वरभेदांच्या भाषा कोरड्या प्रदेशांत विरळ असतात, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रतिपादन केले. २०१९ साली दामियान ब्लासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून निराळा विचार मांडला. शेतीमुळे मऊ अन्न मिळू लागले, त्यामुळे प्रौढपणीही वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे राहू लागले, आणि दात व ओठ यांच्या संयोगाने होणारे ‘फ’सारखे घर्षक उच्चार सुलभ झाले, असे त्यांचे म्हणणे आहे. या सर्व मतांवर वाद चालू आहेत. ती पुढे मान्य झाली, तरीही त्यांवरून फार तर शतकानुशतके कार्य करणारा एखादा मंद कल सिद्ध होईल. मालवणी व कोळी या बोलींमधील भेदाचा उलगडा त्याने होणार नाही.

शब्दसंपत्तीच्या बाबतीत भूगोलाचा प्रभाव अधिक प्रत्यक्ष असतो. परंतु येथेही अतिशयोक्ती फार झालेली आहे. एस्किमो लोकांच्या भाषेत बर्फाला शेकडो शब्द आहेत, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. वास्तविक फ्रांझ बोआस यांनी १९११ साली या संदर्भात चार भिन्न धातूंचाच उल्लेख केला होता. मराठी वाचकास याचा उलगडा करण्यासाठी ध्रुवप्रदेशात जाण्याची गरज नाही. कोकणातील शेतकऱ्याच्या तोंडी राब, आवण, लावणी, खाचर, लोंबी, पेंढा, तूस, कोंडा, कणी, पेज हे शब्द सहज असतात, कारण भातशेतीच्या व भाताच्या प्रत्येक अवस्थेशी त्याचा निराळा व्यवहार असतो. देशावरील शेतकऱ्याला तितक्याच सहजतेने ताट, कणीस, कडबा, वैरण हे ज्वारीभोवतीचे शब्द सुचतात. नारळ देशावर देवापुढे ठेवण्याचे व खोबऱ्याचे फळ. पण किनाऱ्यावर शहाळे, सोडण, करवंटी, काथ्या, झावळी, हीर अशी त्याची व त्याच्या झाडाची अंगोपांगे स्वतंत्र नावांनी ओळखली जातात. समुद्राची भरती हा घाटावरील माणसाला एकच प्रकार वाटतो. कोळ्याला उधाणाची भरती व भांगाची भरती यांतील भेद समजल्यावाचून होडी लोटता येत नाही. तात्पर्य, निसर्ग शब्द देत नाही; निसर्गाशी चालणारा व्यवहार शब्द देतो. समुद्रकाठी राहूनही ज्याचा समुद्राशी व्यवहार नाही, त्या गिरगावातील कारकुनास ‘भांग’ म्हटले की केसांची आठवण होते.

३

भूगोलाचे खरे कार्य याहून निराळे आहे. कोणी कोणाशी बोलावे हे तो ठरवितो. ज्यांचा नित्य संवाद घडतो त्यांची भाषा एक होत जाते, आणि ज्यांचा संवाद तुटतो त्यांची भाषा कालांतराने दुभंगते. न्यू गिनी बेटाच्या पूर्व भागात आठशेहून अधिक भाषा आढळतात, त्याच्या कारणांत तुटक दऱ्याखोऱ्यांची गणना केली जाते. याउलट मोकळ्या मैदानी प्रदेशांत एकच भाषा दूरवर पसरलेली आढळते.

कोकणची रचना या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत व पश्चिमेस समुद्र यांच्यामध्ये ही पट्टी अरुंद आहे. आणि सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, तेरेखोल या पश्चिमवाहिनी नद्या व त्यांच्या खाड्या तिला आडव्या छेदून तिचे तुकडे पाडतात. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात मराठीच्या ज्या पोटबोली नोंदविलेल्या आहेत, त्यांची नावे पाहिली तर हा भूगोल त्यांत उमटलेला दिसतो. बाणकोटी ही सावित्रीच्या मुखाकडील, संगमेश्वरी ही शास्त्रीच्या खोऱ्यातील, कुडाळी ही त्याहून दक्षिणेकडील. खाडी उतरून जाणे हे जुन्या काळी कष्टाचे काम होते, आणि बोलीची नावे त्या त्या खोऱ्यावरून पडली, यात नवल नाही.

परंतु त्याच यादीत दुसऱ्या प्रकारची नावेही आहेत : परभी, कोळी, किरिस्ताव, कुणबी, आगरी, भंडारी. ही स्थळांची नावे नव्हेत. ती जातींची व धर्मसमुदायांची नावे आहेत. म्हणजे एकाच भूभागावर राहूनही ज्यांचा रोटीबेटीव्यवहार निराळा, व्यवसाय निराळा, त्यांची बोलीही निराळी राहिली. सह्याद्री व खाडी जे कार्य करतात, तेच कार्य समाजातील भिंती करतात. भूगोल व संस्कृती ही भाषेवर परिणाम करणारी दोन स्वतंत्र कारणे नसून, संवादाला बांध घालणाऱ्या वा वाट देणाऱ्या एकाच कारणाची ती दोन रूपे होत.

दिशावाचक प्रयोगांतही भूगोल मुरलेला असतो. मेक्सिकोतील तेनेहापा या डोंगराळ गावी बोलल्या जाणाऱ्या त्सेल्ताल भाषेत ‘चढाकडे’ व ‘उताराकडे’ हे शब्द दिशांचे काम करतात, कारण तेथील भूमी दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरत जाते. मराठी माणूस ‘कोकणात’ राहतो, पण ‘देशावर’ व ‘घाटावर’ राहतो. कोणत्याही व्याकरणकाराने हा नियम शिकविलेला नाही. सह्याद्रीखाली उभे राहून वर पाहणाऱ्या कोणा पूर्वजाची दृष्टी त्या ‘वर’ या शब्दयोगी अव्ययात राहून गेली आहे. लालबागेतून घाट दिसत नाही. तरीही तेथील कोकणी कामगार साताऱ्याच्या माणसास ‘घाटावरचा’ म्हणे. त्याच शब्दापासून झालेला ‘घाटी’ हा शब्द शहरात पुढे कोणा एका प्रदेशाचे नाव न राहता हिणविण्याचा शब्द झाला. मूळचा निव्वळ भौगोलिक शब्द सामाजिक अवहेलनेचे साधन कसा बनतो, याचे हे उदाहरण होय.

४

मुंबई हे शहर भूगोलावर मात करून उभे राहिले. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी व माहीम ही सात बेटे भराव घालून जोडण्यात आली. मुंबई व वरळी यांमधील मोठे खिंडार बुजविणारा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरा झाला. आज ही बेटे कोणास दिसत नाहीत. परंतु स्थलनामांनी तो बुडालेला भूगोल जपून ठेवला आहे. मलबार टेकडीच्या पायथ्याचे ते गिरगाव. जेथे ओलांडताना पाय भिजत व धुतले जात ती पायधुणी. उंबर व खाडी या दोन्हींची आठवण ठेवणारी उमरखाडी. चिंचांचा उल्लेख करणारी चिंचपोकळी. जिना वा पायऱ्या या अर्थाच्या शब्दावरून दादर हे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते.

गिरगावची नावे तर एखाद्या बागेची यादी वाटावी अशी आहेत : केळेवाडी, फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, मुगभाट, बोरभाट. गोव्यात व दक्षिण कोकणात माडांच्या बागेस भाट म्हणतात. वाडी हा शब्द कोकणात बागायतीचा अथवा वस्तीच्या तुकड्याचा वाचक. गिरगावात तो चाळींनी वेढलेल्या गल्लीचा वाचक झाला. माड गेले, भाजीचे मळे गेले, परंतु शब्द स्थानभ्रष्ट न होता केवळ अर्थभ्रष्ट झाले. स्थलनामे बदलण्याचा विचार जेव्हा जेव्हा पुढे येतो, तेव्हा नावाबरोबर भूमीचा एक पुरावाही पुसला जातो, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

या भूमीवर आलेल्या सत्तांनीही शब्दांचे थर टाकले. मुंबई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. १६६१ च्या विवाहकरारान्वये ती इंग्रजांना देण्याचे ठरले व १६६५ साली प्रत्यक्ष ताबा मिळाला. पाव, बटाटा, कोबी, घमेले, चावी, इस्त्री, लिलाव आणि पगार हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्कातून मराठीत आले. गिरणी कामगार महिन्याच्या ज्या दिवसाची वाट पाहत असे, त्या दिवसाचे नाव लिस्बनहून आलेले होते. किनारा हा घाटाप्रमाणे भिंत नसून वाट आहे, याचा हा पुरावा होय.

५

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीचा उपक्रम हाती घेतला, आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, लोअर परळ या भागांत गिरण्यांची दाटी झाली. या वस्तीला लोकांनी गिरणगाव असे नाव दिले. यंत्रांच्या शहरालाही त्यांनी ‘गाव’च म्हटले, हे लक्षणीय आहे. कामगारांचा मोठा भाग रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांतून आला. सातारा, पुणे, अहमदनगर, कोल्हापूर या बाजूंनीही लोक आले. भरती जॉबराच्या मार्फत होत असल्यामुळे एका गावचे व एका नात्यातील लोक एका खात्यात व एका खोलीत जमत. कोकणातील खोरे जणू उचलून चाळीच्या मजल्यावर ठेवले गेले. त्यामुळे शहरात येऊनही बोली तत्काळ विरघळल्या नाहीत. जाखडी नाच, दशावतार, भजनमंडळे यांनी त्या त्या बोलीला हक्काची जागा दिली.

गिरणीच्या आतही भिंती होत्या. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाची मजुरी अधिक असे. परंतु धोट्यातील सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. उष्ट्याच्या विटाळाचे कारण पुढे करून सवर्ण कामगारांनी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना त्या खात्यापासून दूर ठेवले. त्यांना प्रामुख्याने सूतकताईच्या, कामगारांच्या भाषेत त्रासन खात्यात, काम मिळे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय जाहीरपणे मांडला. भाषेच्या अभ्यासकाने या घटनेकडे केवळ कामगार-इतिहास म्हणून पाहू नये. एका छपराखाली दहा दहा तास काम करणाऱ्या दोन समूहांमध्ये या भिंतीने जे अंतर निर्माण केले, ते वाशिष्ठीच्या खाडीपेक्षा रुंद होते. खाडीवर तर चालू असे. या भिंतीला तरही नव्हता.

तरीही या गिरणगावाने स्वतःची एक शब्दसंपत्ती घडविली. ‘त्रासन’ हा इंग्रजी थ्रॉसल या यंत्रनामाचा मराठी तोंडात झालेला अवतार. मराठीतील जुन्या शब्दांना तेथे नवे अर्थ लाभले. साचा म्हणजे अन्यत्र ठसा उमटविण्याचे साधन, येथे माग. खाते म्हणजे अन्यत्र हिशेबाचे, येथे गिरणीचा विभाग. पाळी म्हणजे आपला क्रम, येथे कामाचे ठरलेले तास. दादरच्या सरकारी कारकुनाच्या घरी ‘बदली’ म्हणजे दुसऱ्या गावी नेमणूक. परळच्या चाळीत ‘बदली’ म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून गैरहजर माणसाच्या जागी काम मिळेल काय याची वाट पाहणारा मनुष्य. एका शब्दाच्या या दोन अर्थांमध्ये जेमतेम एका रेल्वे स्थानकाचे अंतर होते. हे अंतर भौगोलिक नसून वर्गाचे आहे, हे सांगावयास नको.

गावाशी असलेले नातेही भाषेत दिसते. मुंबईत चाळीस वर्षे काढलेला मनुष्य ‘गाव’ हा शब्द मुंबईसाठी वापरीत नसे. कोकणात त्याला चाकरमानी म्हणत, म्हणजे तेथेही तो पाहुणाच. आणि मुंबईत त्याची खोली म्हणजे कायमचे घर नव्हे, अशी त्याची भावना असे. दोन ठिकाणी राहणाऱ्या या समाजाने दोन बोलीही बाळगल्या, एक घरची व एक नाक्यावरची.

६

येथे दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. संख्येने कोकणी कामगार मोठे असताना गिरणगावाची सामान्य बोली ‘माका’ म्हणणारी का झाली नाही? ‘मला’ या रूपाचाच जय का झाला?

याचे एक उत्तर वाहतुकीच्या इतिहासात आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली व पुणे मुंबईच्या निकट आले. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ साली. सव्वाशेहून अधिक वर्षे देशावरचा मनुष्य आगगाडीने व कोकणचा मनुष्य मुख्यतः बोटीने, पुढे मोटारीने मुंबईस येत होता. परंतु हे उत्तर अपुरे आहे, कारण गैरसोय सोसूनही कोकणातून माणसे अधिक आली. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण शाळा व छापखाना हे होय. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली व दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. शिष्ट मराठीचे जे रूप तेव्हा निश्चित झाले, त्याचा पाया पुण्याकडील सुशिक्षितांची भाषा हा होता. शाळेतील पुस्तक, वर्तमानपत्र, अर्ज, पुढे कामगार संघटनेची पत्रके व सभेतील भाषण ही सर्व त्याच भाषेत असत. चाळीतील मुलाला ‘माका’ घरात उपयोगी होते; ‘मला’ शाळेपासून गिरणीच्या कचेरीपर्यंत सर्वत्र उपयोगी होते. त्याने दुसरे निवडले यात त्याचा दोष नाही.

दोष आहे तो निराळ्या ठिकाणी. कोळी व आगरी बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ व ‘ळ’च्या जागी ‘ल’ आढळतो : पानी, काला. हा बदल नियमबद्ध आहे, आणि नियमबद्ध असल्यामुळे भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो इतर कोणत्याही उच्चाराइतकाच शुद्ध आहे. परंतु शाळेत तो ‘अशुद्ध’ ठरला. ज्या समाजाची वस्ती या बेटांवर सर्वांत प्राचीन मानली जाते, त्याच समाजाच्या मुलांना याच शहरात आपल्या उच्चाराची लाज वाटावी, ही विपरीत स्थिती होय.

बोलींची प्रतिष्ठा कायमची ठरलेली नसते, हेही मुंबईनेच दाखवून दिले. १९८० साली गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक मच्छिंद्र कांबळी यांनी व्यावसायिक रंगभूमीवर आणले, आणि जी मालवणी चाळीच्या दाराआड बोलली जात होती, ती नाट्यगृहात सर्व थरांतील प्रेक्षकांनी ऐकली. नारायण सुर्वे यांच्या १९६२ च्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या संग्रहापासून गिरणगावाचे शब्द काव्यात स्थिरावले होतेच.

भाषा व बोली यांमधील सीमाही भूगोल आखीत नाही. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६५ साली कुडाळीचे वर्णन प्रसिद्ध केले, ते मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत. भारतीय जनगणनेत मात्र मालवणी ही कोकणीखाली मोजली जाते. कोकणीचा समावेश १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात झाला. कुडाळची भूमी तीच, बोलणारे लोक तेच. वर्गीकरण बदलले ते दृष्टिकोनामुळे. लालबागेतील मालवणी कुटुंबे स्वतःस मराठी मानीत आली आहेत, हाही या प्रश्नातील एक पुरावाच आहे.

७

संस्कृतीचा सर्वांत खोल ठसा नातेवाचक शब्दांवर असतो. सुनेने सासऱ्यास ‘मामंजी’ व सासूस ‘आत्याबाई’ म्हणण्याची रीत देशावरील अनेक घरांत होती. सासरा हा मामा आणि सासू ही आत्या का? महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह संमत आहे. असा विवाह झाला तर मुलीचा सासरा तिच्या आत्याचा पती व सासू ही तिची सख्खी आत्याच असते. उत्तर भारतात असे विवाह बहुधा निषिद्ध असल्यामुळे हा संबोधनप्रकार तेथे संभवत नाही. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राचे स्थान उत्तर व दक्षिण या दोन पद्धतींच्या मध्ये दाखविले आहे. भाषा आर्य कुळातील, पण नात्याची रचना दक्षिणेकडे झुकलेली. ही महाराष्ट्राची स्थिती या दोन संबोधनांत साठविली गेली आहे. मुंबईत लहान कुटुंबे झाली, विवाह नात्याबाहेर व गावाबाहेर होऊ लागले, आणि सासूसासऱ्यांना ‘आई-बाबा’ म्हणण्याची पद्धत रूढ झाली. जुने संबोधन कोणी बंद केले नाही. ज्या व्यवहारावर ते उभे होते तो व्यवहार विरळ झाला.

भाषा दीर्घ सान्निध्याने किती जवळ येऊ शकतात, याचे प्रसिद्ध उदाहरणही महाराष्ट्रातलेच आहे. सांगलीजवळच्या कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू बोलणाऱ्या समाजांची वाक्यरचना जवळजवळ शब्दाला शब्द जुळण्याइतकी एक झाली असल्याचे गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ साली दाखविले. तरीही तेथील समाजांनी आपापले शब्द सोडले नाहीत, कारण घरची ओळख शब्दांत होती. व्यवहार भाषांना एकत्र आणतो आणि अस्मिता त्यांना वेगळे ठेवते. मुंबईत प्रमाण मराठीचा जोर अधिक असल्यामुळे तोल निराळ्या बाजूस झुकला, इतकाच भेद.

८

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. गिरण्या क्रमाने बंद पडल्या; त्यांच्या जागी उंच इमारती, कचेऱ्या व बाजारसंकुले उभी राहिली. अनेक कुटुंबे उपनगरांत व त्यापलीकडे गेली, काही गावी परतली. भाषेच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ असा की, ज्या संवादव्यवस्थेने गिरणगावाची बोली घडविली होती, ती व्यवस्थाच मोडली. भोंगा थांबल्यावर ‘भोंगा झाला’ या वाक्याने वेळ सांगता येत नाही. ‘साचेखाते’, ‘त्रासन’, ‘बदली’, ‘खाडा’ हे शब्द आज मुख्यतः वृद्धांच्या आठवणीत आहेत.

दोन हजार तेरा साली गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड प्रसिद्ध झाला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. ही कार्ये मोलाची आहेत. परंतु बोली-सर्वेक्षणाची दृष्टी स्वभावतः खेड्याकडे व जिल्ह्याकडे वळते. शहराची बोली ही मिश्र व म्हणून गौण, असे मानण्याची सवय जुनी आहे. गिरणगावाची बोली मिश्र होती हे खरे. पण डोंगर, खाडी, बंदर, रेल्वे, जात, वर्ग, शाळा व रंगभूमी यांच्या परिणामांचा छेद घेऊन पाहण्याची संधी त्या मिश्रणातच आहे.

या कामास मुदत आहे. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. त्याने आपल्या खात्यातील यंत्रांची नावे, पाळीच्या वेळा, खोलीतील माणसांची गावे व त्यांच्या बोलण्यातील खुणा सांगितल्या, तर त्या नोंदविण्यास ध्वनिमुद्रण यंत्र व थोडा धीर एवढेच लागते. स्त्रियांची साक्ष विशेष महत्त्वाची आहे, कारण खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांच्या पंक्तीत अनेक गावांचे पुरुष रोज जेवीत, आणि कोणता जिल्हा कोळंबीला ‘सुंगटा’ म्हणतो व सुरमईला ‘इसवण’ म्हणतो, हे त्यांना व्यवहारानेच ठाऊक झाले होते. बुजविलेल्या खाड्यांची नावे तरी पाट्यांवर राहिली. या माणसांच्या बोलीला तशी पाटी नाही. ती बोलणारे आहेत तोवरच तिची नोंद होऊ शकेल.